विश्वसनीयता: यंत्राची आणि मोजमापाची. शब्द एक, अर्थ किती?

दुसरी_मिती

मंडळी, गेले काही दिवस एका शब्दाने माझी झोप उडवली आहे. इथे दोन्ही क्षेत्रांतले लोक आहेत, म्हणून धागा काढते आहे.

मी शिक्षणशास्त्रात संशोधन करते. विषय आहे शाळकरी मुलांना वाटणारी गणिताची भीती. ती मोजायला वीस विधानांची प्रश्नावली केली. प्रत्येक विधानापुढे 'अजिबात नाही'पासून 'अगदी असंच'पर्यंत पाच पर्याय. पायलटमध्ये, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीत, क्रॉनबाख आल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात यावरून काढलेला विश्वसनीयतेचा आकडा) ०.९३ आला. मार्गदर्शक खूश. म्हणाले, विश्वसनीयतेचं प्रकरण संपलं, पुढच्या कामाला लागा.

संध्याकाळी हे भावाला सांगितलं. तो मोठ्या संगणकप्रणालींची देखभाल करतो. त्याने लगेच विचारलं, "०.९३ म्हणजे किती काळासाठी? कोणत्या परिस्थितीत? आणि बिघाड कशाला म्हणायचं ठरवलंयस?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्याच्याकडे विश्वसनीयता म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळात, ठरलेलं काम न बिघडता होण्याची शक्यता. माझ्याकडे विश्वसनीयता म्हणजे मोजमापातलं सातत्य. मुलांच्या गुणांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती भाग खरा आणि किती मोजण्यातल्या चुकीचा, याचं गुणोत्तर. त्याच्या व्याख्येत काळ आहे, माझ्या व्याख्येत माणसामाणसांतला फरक आहे. दोन्ही आकडे शून्य ते एकच्या मध्ये असतात, याखेरीज मला साम्य दिसेना.

तर प्रश्न असा: हा शब्द दोन्हीकडे योगायोगाने वापरला जातो की आत कुठेतरी एकच कल्पना आहे? हा नुसता शब्दाचा कीस नाही. भावाच्या प्रश्नांनंतर मला माझ्याच ०.९३ची खात्री वाटेनाशी झाली आहे.

पानोपानी

शब्दापुरतं सांगतो. आपल्याकडच्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत 'विश्वसनीयता' आणि 'सप्रमाणता' (जे मोजायचं तेच मोजलं जातंय का; काही जण 'वैधता' म्हणतात) ही जोडी रूढ आहे. मला मात्र 'विसंबणे' हे क्रियापद जास्त जवळचं वाटतं. विश्वास माणसावर ठेवतात, त्यात हेतू येतो. दोराला किंवा पुलाला हेतू नसतो. त्यांच्यावर आपण विसंबतो. प्रश्नावलीच्या आकड्यावरही विसंबतोच. म्हणून पहिला प्रश्न मी असा विचारेन: कोण, कशासाठी विसंबणार आहे?

रात्रपाळी

दुसरी_मिती, तुमच्या भावाने विचारलेले तिन्ही प्रश्न आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. त्यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी उपकरणांत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं आणि निर्वात नळ्या सारख्या निकामी व्हायला लागल्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९५२ मध्ये सल्लागार गट नेमला, त्याचा अहवाल १९५७ मध्ये आला. 'दिलेल्या परिस्थितीत, दिलेल्या काळासाठी' ही भाषा त्या काळात पक्की झाली. त्यातला एक जरी शब्द गाळला तरी उरलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

आमच्याकडेही आकड्यांचा गैरसमज भरपूर होतो. एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, हा त्यातला सगळ्यात मोठा. एखाद्या हार्ड डिस्कवर दहा लाख तास लिहिलेलं असतं. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. म्हणून ही डिस्क ११४ वर्षं चालेल का? मुळीच नाही. एक हजार जणांच्या तरुण गटात वर्षाला एक मृत्यू होतो असं धरा. याच हिशेबाने त्यांचा 'सरासरी काळ' हजार वर्षं निघेल, पण हजार वर्षं कोणीच जगत नाही. तो आकडा आयुष्याच्या मधल्या, शांत टप्प्यातला बिघाडाचा दर सांगतो. म्हातारपणी दर वाढतो, त्याबद्दल तो गप्प असतो. दर कायम राहिला असं मानलं तरी एमटीबीएफइतका काळ न बिघडता पार पडण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के असते.

शिवाय दहा लाख तासांचा अर्थ वर्षाला ०.९ टक्क्याहून कमी डिस्क जाणार असा होतो. २००७ मध्ये मोठ्या संगणक केंद्रांतल्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्षात वर्षाला दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागणं ही सर्रास गोष्ट होती.

आणखी एक गल्लत म्हणजे उपलब्धता आणि विश्वसनीयता एकच समजणं. दर तासाला एक सेकंद बंद पडणारी प्रणाली ९९.९७ टक्के वेळ उपलब्ध असते. वेबसाइटला चालून जाईल. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वास देणाऱ्या यंत्राला चालेल का? पानोपानी म्हणतात तेच, कोण आणि कशासाठी विसंबणार.

केवळ_वाचक

फार छान चर्चा. मी दोन्हींतला नाही, म्हणून बाळबोध प्रश्न: ०.९३ची विश्वसनीयता म्हणजे ९३ टक्के मुलांचं मोजमाप बरोबर आलं, असं म्हणायचं का?

सरासरी

केवळ_वाचक, प्रश्न बाळबोध नाही. मी वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे आणि प्रबंधांच्या तोंडी परीक्षेतसुद्धा हा अर्थ ऐकला आहे. नाही, तसा अर्थ होत नाही.

ही कल्पना चार्ल्स स्पिअरमन यांची, १९०४ सालची. प्रत्येक मिळालेला गुण म्हणजे एक खरा गुण अधिक एक चूक. खरा गुण कधीच दिसत नाही. विश्वसनीयता म्हणजे दिसणाऱ्या एकूण प्रचरणातला खऱ्या गुणांच्या प्रचरणाचा वाटा. गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते प्रमाण विचलन सांगतं, आणि त्याचा वर्ग म्हणजे प्रचरण. समजा एखाद्या चाचणीचं प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९१ आहे. मोजमापाची प्रमाण त्रुटी येते साडेचार गुण. म्हणजे एका मुलाच्या गुणाभोवती ९५ टक्के खात्रीची पट्टी आखायची तर दोन्ही बाजूंना जवळपास नऊ-नऊ गुण सोडावे लागतात. ०.९१ ऐकायला केवढा भारदस्त वाटतो, आणि अठरा गुणांची पट्टी ऐकली की तोच माणूस चपापतो. लोकांनी दुसरा आकडा छापावा असं मला कळकळीने वाटतं. ज्यांच्या नावाने आल्फा ओळखला जातो त्या ली क्रॉनबाख यांनीही शेवटच्या लेखात, जो त्यांच्या मृत्यूनंतर २००४ मध्ये आला, प्रमाण त्रुटीलाच सर्वांत महत्त्वाची माहिती म्हटलं आहे.

आता दुसरी_मितीसाठी. भावाच्या 'कोणत्या परिस्थितीत?' या प्रश्नाला आपल्याकडे थेट उत्तर आहे, फक्त आपण ते विसरतो. विश्वसनीयता प्रश्नावलीत नसते, त्या गटातून मिळालेल्या गुणांत असते. वरचंच उदाहरण घे. मोजण्यातल्या चुकांचं प्रचरण तेच राहू दे, पण गट असा निवड की सगळी मुलं साधारण सारख्याच तयारीची आहेत आणि प्रमाण विचलन १५ऐवजी ९ आहे. विश्वसनीयता ०.९१वरून ०.७५वर येते. प्रश्नावलीतला एक शब्दही बदललेला नाही. म्हणून 'ही प्रमाणित प्रश्नावली आहे, हिची विश्वसनीयता अमुक' असं दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलून लिहिणं चूक आहे.

उलट_बाजू

इथेच मला वाटतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ओढूनताणून जुळवू नयेत. पंपाची विश्वसनीयता काढायला शेजारच्या पंपाशी तुलना लागत नाही. तुमची विश्वसनीयता मात्र माणसांमध्ये फरक असेल तरच जन्माला येते. सगळी मुलं सारखीच घाबरत असतील आणि प्रश्नावली ते अचूक सांगत असेल तरी तुमचं गुणोत्तर शून्याकडे जाईल!

प्रयोगशाळेतल्या मानसशास्त्रात हे प्रत्यक्ष घडलं आहे. शब्द एका रंगाचं नाव, अक्षरं दुसऱ्याच रंगात, आणि सांगायचा तो अक्षरांचा रंग, ती स्ट्रूप चाचणी घ्या. तिचा परिणाम, म्हणजे रंग सांगायला लागणारा जास्तीचा वेळ, इतका पक्का आहे की जवळजवळ प्रत्येक माणसात, प्रत्येक वेळी दिसतो. अभियंता म्हणेल, याहून विश्वसनीय काय असणार? पण २०१८ मध्ये हेज, पॉवेल आणि सम्नर यांनी दाखवलं की अशा चाचण्या माणसामाणसांतला फरक मोजायला घेतल्या की त्यांची विश्वसनीयता निराशाजनक निघते. कारण परिणाम सगळ्यांत सारखा आहे, फरकच थोडा आहे. त्यांनी त्याला विश्वसनीयतेचा विरोधाभास म्हटलं. एकाच चाचणीबद्दल दोन क्षेत्रं उलट निकाल देतात, तर शब्द एक कसा?

सरासरी

उलट_बाजू, उदाहरण अगदी योग्य आहे आणि मला ते मान्य आहे. व्याख्या एक नाहीत. पण व्याख्येखालचं गृहीतक एक आहे का, हे बघू या.

रात्रपाळी

मी तेच लिहायला बसलो होतो. आमची सगळी इमारत कशावर उभी आहे ते सांगतो.

शंभर भाग एकामागे एक जोडलेत, प्रत्येक भाग ९९ टक्के भरवशाचा, आणि एक गेला की सगळं बंद. पूर्ण साखळी ३७ टक्क्यांवर येते. यावर उपाय म्हणजे जोडीदार ठेवणं. एका भागाची बिघडण्याची शक्यता शंभरात एक असेल तर दोन ठेवले की दोन्ही एकदम जाण्याची शक्यता दहा हजारात एक. कच्च्या भागांतून पक्की प्रणाली बनवता येते हे फॉन नॉयमन यांनी १९५० च्या दशकातच गणिताने दाखवलं होतं.

पण त्या गुणाकारात एक अट आहे: दोन्ही भाग एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडले पाहिजेत. समजा बिघाडांपैकी फक्त दहा टक्के असे आहेत की ते दोघांनाही एकाच वेळी पाडतात. मग दहा हजारात एकची शक्यता हजारात एकवर येते. तिसरा, चौथा, दहावा जोडीदार ठेवला तरी तो सामायिक वाटा तसूभरही हलत नाही.

४ जून १९९६. एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. दिशा सांगणाऱ्या जडत्वमापन यंत्रणा दोन, एक मुख्य आणि एक राखीव, दोन्हींत तंतोतंत तेच सॉफ्टवेअर, आणि तेही एरियान ४ मधून आणलेलं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवायची होती. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा जास्त, संख्या मावली नाही. राखीव यंत्रणा आधी बंद पडली आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मुख्यही, त्याच कारणाने. उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट नष्ट झालं. तिथे यंत्रणा कागदावर दोन होत्या, बिघाडाच्या दृष्टीने एकच.

दुसरी_मिती

रात्रपाळी, हे वाचून अंगावर काटा आला. 'बिघाडाच्या दृष्टीने एकच'. म्हणजे माझी वीस विधानं बिघाडाच्या दृष्टीने किती आहेत?

सरासरी

आता बरोबर ठिकाणी आलीस.

चाचणी लांब केली की विश्वसनीयता वाढते, याचं सूत्र स्पिअरमन आणि ब्राऊन यांनी १९१० मध्ये वेगवेगळं मांडलं. ०.६० विश्वसनीयतेची चाचणी दुप्पट लांब केली की ०.७५ मिळतात. हे रात्रपाळींच्या जोडीदार ठेवण्यासारखंच आहे. एका प्रश्नात झालेली चूक दुसऱ्या प्रश्नातल्या चुकीने थोडी खोडली जाते. अटही तीच: चुका एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. त्या सामायिक असतील तर खोडल्या जात नाहीत. उलट आल्फाचं सूत्र त्या सामायिक चुकीला खऱ्या गुणात जमा करतं. प्रणालीत सामायिक चूक आपटून दाखवते. मोजमापात ती आकडा वाढवून दाखवते, आणि म्हणून मला ती जास्त धोक्याची वाटते.

आल्फा नुसत्या लांबीनेही फुगतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन विधानांची उत्तरं किती एकत्र वर-खाली होतात) फक्त ०.२० असेल, तर पाच विधानांचा आल्फा ०.५६ येतो आणि वीस विधानांचा ०.८३. तुझ्या ०.९३ला वीस विधानांत सरासरी ०.४० सहसंबंध लागतो. भीतीसारख्या पसरट गोष्टीसाठी तो मला जरा जास्त वाटतो. विधानं वाचून बघ. कुठली जोडी एकाच वाक्याचं दुसरं रूप आहे?

दुसरी_मिती

काल रात्री बसून वाचली. 'गणिताचा तास सुरू झाला की माझी छाती धडधडते' आणि 'गणिताच्या तासाला मला धडधडायला लागतं' ही दोन्ही आहेत. 'फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर मला भीती वाटते' आणि 'सगळ्यांसमोर गणित सोडवायची मला भीती वाटते' हीसुद्धा. अशा सात जोड्या निघाल्या. शिवाय वीसच्या वीस विधानं भीतीच्याच बाजूने लिहिलेली. ज्या मुलाला प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणायची सवय आहे त्याचा गुण आपोआप वर जाणार, आणि ती सवय प्रत्येक विधानात सारखीच चूक घालणार. मला हे लिहिताना वाईट वाटतंय. मुलांनी किती मन लावून उत्तरं दिली होती.

उलट_बाजू

वाईट वाटून घेऊ नका, हे पायलटमध्येच सापडलं. मी माझं म्हणणं थोडं बदलतो. व्याख्या वेगळ्या आहेत यावर मी ठाम आहे. पण 'प्रती एकमेकींशी जुळतात' याला दोन्ही क्षेत्रं पुरावा मानतात आणि दोन्ही त्याच जागी फसतात, हे पटलं.

उड्डाणातलं एक उदाहरण तर दोन्ही अर्थ एकत्र आणतं, कारण तिथे मोजमाप हाच प्रणालीचा भाग आहे. १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान कोसळलं, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या तीन पिटो नळ्या होत्या. दोघांचं जुळलं तर तिसरीला चूक ठरवायचं, हा मतदानाचा साधा तर्क. पण तिन्ही एकाच बनावटीच्या, आणि तिन्ही एकाच ढगातल्या हिमकणांतून जात होत्या. बर्फाने वाट बुजली, वेगाचे आकडे जुळेनासे झाले आणि स्वयंचालन (ऑटोपायलट) सुटलं. पुढे वैमानिकांनी विमान कसं हाताळलं यासह बरीच कारणं आहेत. पण सुरुवात त्या तीन सारख्या नळ्यांपासून झाली.

केवळ_वाचक

म्हणजे चूक सगळीकडे सारखीच झाली, तर विश्वसनीयता चांगली पण उत्तर चूक?

सरासरी

हो, आणि त्यालाच आम्ही सप्रमाणता नाही असं म्हणतो. १९९९ चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर आठवा. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने रॉकेटच्या धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदांत दिले, पुढच्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. आकडे लहरी नव्हते, दर वेळी त्याच ४.४५ पटीचा फरक. मोजणी पुन्हा केली असती तरी तेच उत्तर आलं असतं. यान मंगळाजवळ गेलं ते ठरल्यापेक्षा खूप खालून, आणि हरवलं.

जाता जाता: दुसरी_मिती, मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण दोघींकडून करून घेणार असशील तर नुसती सहमतीची टक्केवारी लिहू नकोस. समजा शंभर उत्तरांत दोघींनाही 'तीव्र भीती' फक्त पाच-पाच ठिकाणी दिसली, आणि ती पाचही वेगवेगळी. सहमती ९० टक्के भरते, कारण उरलेल्या नव्वद ठिकाणी दोघी 'नाही' म्हणाल्या. कोहेन यांचा कापा (१९६०), म्हणजे योगायोगाने होणारी सहमती वगळून काढलेला आकडा, काढलास तर तो शून्याच्याही खाली येतो. ज्या गोष्टीसाठी वर्गीकरण केलं, तिच्यावर एकदाही एकमत नाही.

दुसरी_मिती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे.

सात जोड्यांतलं एकेक विधान काढलं, तेरा उरली. चार विधानं उलट बाजूने लिहिली, 'गणिताचा पेपर असला तरी मला शांत झोप लागते' अशा धाटणीची. नव्या गटावर आल्फा आला ०.८४. मार्गदर्शकांना आकडा खाली आलेला बघून आधी धक्का बसला. मी दोन्ही प्रश्नावल्या शेजारी ठेवल्या आणि जोड्या वाचून दाखवल्या. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, प्रमाण त्रुटीही तक्त्यात टाक. भावाच्या 'किती काळासाठी?' या प्रश्नालाही आता उत्तर द्यायचं ठरवलं आहे. त्याच मुलांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घेणार. मध्ये दोन आठवडे ठेवू का?

रात्रपाळी

त्या दोन आठवड्यांत गणिताची परीक्षा येते का? येत असेल तर तुमची 'परिस्थिती' बदलली.

सरासरी

रात्रपाळींनी नेमकं धरलं. फार लवकर घेतलीस तर मुलं आधीची उत्तरं आठवून भरतील, आणि आठवण ही पुन्हा सामायिक चूकच झाली. उशीर केलास तर भीती खरोखर बदललेली असेल आणि तो बदल मोजण्यातली चूक म्हणून धरला जाईल. दोन आठवडे ठीक आहेत, पण मधे परीक्षा, निकाल किंवा शिक्षक बदलणं यातलं काहीही नको. दोन्ही वेळा वार आणि तासही तोच ठेव.

दुसरी_मिती

घटक चाचणी बाराव्या दिवशी आहे. मग पहिली फेरी चाचणीचा निकाल लागून आठवडा झाल्यावर घेते. वेळापत्रक आजच शाळेला कळवते.